नाण्यावरचे स्वातंत्र्य कोणाचे?

सरकारच्या छापखान्यातून आणि टांकसाळीतून जे जे बाहेर पडते, त्यात सर्वांत दूरवर पोचते ते नाणे. वर्तमानपत्र न वाचणाऱ्याच्या हाती ते पडते, अक्षरओळख नसलेल्याच्याही हाती पडते. लहान मुलाच्या मुठीत देश पहिल्यांदा येतो तो चॉकलेटसाठी मिळालेल्या रुपयाच्या रूपाने. बँकेच्या नोकरीत मी नाण्यांच्या पिशव्याच्या पिशव्या पाहिल्या. एरवी त्यावरच्या चित्राकडे कोणी ढुंकून पाहत नसे. पण चित्र बदलले, की खिडकीपाशी कुरकुर सुरू होई. ‘हे चालेल ना?’ हा प्रश्न हमखास यायचा. लोक चित्र पाहत नाहीत असे वाटते, पण ते त्यांच्या मनात ठसलेले असते.

म्हणूनच नाण्यावर स्वातंत्र्य कसे दाखवावे, हा वरवर कलाकुसरीचा वाटणारा प्रश्न खरे तर राजकारणाचा आणि त्याहून अधिक नीतीचा आहे. या प्रश्नाशी सर्वांत जास्त काळ झगडलेला देश म्हणजे अमेरिका.

अमेरिकेचा नाण्यांचा पहिला कायदा २ एप्रिल १७९२ चा. नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचे मुखचित्र असावे, अशी सूचना तेव्हा पुढे आली होती. नुकतेच एका राजाला झुगारून दिलेल्या लोकांना ती रुचली नाही. राजाचे डोके काढून दुसऱ्या कोणाचे बसवायचे, तर मग लढाई केली कशाला? तेव्हा ठरले, की नाण्याच्या एका बाजूला स्वातंत्र्याचे प्रतीक असेल आणि ‘लिबर्टी’ हा शब्द असेल. जित्याजागत्या सत्ताधाऱ्याऐवजी एक कल्पना नाण्यावर बसवण्याचा हा निर्णय मोठा होता, यात शंका नाही.

पण कल्पनेला चेहरा द्यायची वेळ आली आणि गोची झाली. १७९३ च्या पहिल्या सेंटवर एका बाजूला मोकळ्या केसांची लिबर्टी होती आणि दुसऱ्या बाजूला पंधरा कड्यांची साखळी. साखळी म्हणजे पंधरा राज्यांची एकजूट, असा टांकसाळीचा हेतू. लोकांना मात्र त्यात बेडी दिसली! टीका झाली आणि थोड्याच दिवसांत साखळी जाऊन तिथे पानांची माळ आली. साखळी नाण्यावरून गेली, देशातून गेली नाही. १७९० च्या जनगणनेनुसार त्या देशात सुमारे सात लाख माणसे गुलाम होती.

त्यानंतर लिबर्टीसोबत एक टोपी दाखवण्याची पद्धत पडली. ही टोपी प्राचीन रोमची. गुलाम मुक्त झाला, की त्याला ती मिळत असे. सीझरच्या हत्येनंतर ब्रूटसने काढलेल्या नाण्यावर दोन खंजिरांच्या मध्ये हीच टोपी आहे. पुढे १८५० च्या दशकात वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीवर स्वातंत्र्याचा पुतळा बसवायचे ठरले, तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या या टोपीला युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस यांनी हरकत घेतली. मुक्त गुलामाची खूण त्यांना नको होती. टोपी गेली, शिरस्त्राण आले. हेच डेव्हिस पुढे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष झाले. प्रतीकाचा अर्थ ज्याला नको असतो, त्याला तो सर्वांच्या आधी कळतो, तो असा.

स्त्रियांचेही तेच. १७९३ पासून अमेरिकेचे स्वातंत्र्य स्त्रीरूपात नाण्यावर मिरवत होते. १९१६ मध्ये तर दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्धा डॉलर अशा तीन नाण्यांवर एकाच वर्षी तिची नवी, देखणी रूपे आली. पण त्या देशातील स्त्रियांना संविधानाने मताधिकार दिला तो १९२० मध्ये. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे नाण्यावर जिला मान होता, तिला मत नव्हते. मूळ रहिवाशांची कथा याहून निराळी नाही. १९०७ च्या दहा डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर लिबर्टीने त्यांचा पिसांचा शिरपेच घातला. १९१३ च्या पाच सेंटवर खुद्द त्यांचाच चेहरा आला. त्या सर्वांना नागरिकत्व मात्र १९२४ मध्ये मिळाले. देव्हाऱ्यात बसवायचे आणि घरात जागा द्यायची नाही, ही रीत आपल्याला काही परकी वाटायला नको.

नंतर राष्ट्राध्यक्षांच्या मुखचित्रांनी लिबर्टीला रोजच्या नाण्यांवरून हटवले. नियमापुरता तिचा शब्द तेवढा राहिला. १९७९ मध्ये एक डॉलरचे नवे नाणे निघाले, तेव्हा टांकसाळीकडे पुन्हा लिबर्टीचे चित्र तयार होते. अमेरिकन काँग्रेसने मात्र सुझन बी. अँथनी यांची निवड केली. या बाईंनी १८७२ मध्ये मतदान केले म्हणून त्यांना अटक झाली आणि शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. निवड उत्तम, पण नाण्याचा आकार पाव डॉलरच्या इतका जवळचा, की लोकांची गल्लत होऊ लागली आणि त्यांनी ते नाकारले. व्यवहारात जे नाणे चालत नाही, त्याच्यावरचा विचारही चालत नाही, हे गल्ल्यावर बसलेला कोणीही सांगेल. २०१७ मध्ये लिबर्टी प्रथमच कृष्णवर्णीय स्त्रीच्या रूपात आली. चित्र सुंदर होते, पण ते होते शंभर डॉलर दर्शनी किमतीच्या सोन्याच्या नाण्यावर. सोन्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त. ते नाणे संग्राहकांच्या कपाटात गेले, बसच्या कंडक्टरकडे नाही. त्यापेक्षा २०२२ ते २०२५ या काळात पाव डॉलरवर आलेल्या वीस स्त्रिया मला अधिक मोलाच्या वाटतात. त्यांची सुरुवात कवयित्री माया अँजेलो यांच्यापासून झाली, आणि त्या नाण्याने दुकानात वस्तू विकत घेता येते.

२०२६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षे होतात. त्यासाठीच्या पाव डॉलरच्या नाण्यांवर गुलामगिरीविरोधी चळवळ, स्त्रियांचा मताधिकार आणि नागरी हक्क हे विषय असावेत, अशी शिफारस नागरिकांच्या सल्लागार समितीने केली होती. १९६० मध्ये पोलीस पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेलेली सहा वर्षांची रूबी ब्रिजेस त्यात होती. डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्यक्षात जाहीर झाले ते मेफ्लॉवरचा करार, क्रांतियुद्ध, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि लिंकन यांचे गेटिसबर्गचे भाषण. दहा सेंटवर तब्बल ऐंशी वर्षांनी लिबर्टीचा चेहरा परत आला.

याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. नाणे सर्वांचे आहे, त्यावर वाद नको; काल्पनिक देवी कोणाच्याच जातीची वा पक्षाची नसते, म्हणून ती सर्वांची होऊ शकते, असे ते म्हणतात. पण इतिहास काय सांगतो? ती देवी सर्वांची होती तेव्हाच बहुसंख्यांना स्वातंत्र्य नव्हते, आणि तिच्या प्रसन्न चेहऱ्याने ते झाकून ठेवले. शाळेच्या पायऱ्या उतरणारी छोटी मुलगी मात्र काहीच झाकत नाही.

आता आपल्याकडे वळू. राज्य १५ ऑगस्ट १९४७ ला आले, पण प्रजासत्ताकाची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० ला निघाली. तोवर राजा सहावा जॉर्जच चालत होता. त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, रुपयावर वाघाऐवजी गव्हाच्या ओंब्या आल्या. स्वातंत्र्याची देवी आपण घडवली नाही, हे शहाणपणाचे झाले. भुकेल्या देशाने धान्य कोरले, यातच स्वातंत्र्याचा एक अर्थ होता. पुढे थोरांचे चेहरे आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा रुपया १९९० चा. दांडीयात्रेला ७५ वर्षे झाली, तेव्हा २००५ मध्ये पाच रुपयांवर चालणारी माणसे आली. हे शेवटचे मला विशेष भावते, कारण त्यात चेहऱ्यापेक्षा कृती मोठी आहे.

माझी कसोटी साधी आहे. जी कृती काल गुन्हा होती किंवा निषिद्ध होती आणि आज रोजची झाली आहे, ती स्वातंत्र्याची खरी खूण. ६ एप्रिल १९३० ला दांडीच्या किनाऱ्यावर उचललेले चिमूटभर मीठ. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यात बुडालेली ओंजळ. पाटीवर अक्षर गिरवणारा मुलीचा हात. १९६२ च्या निवडणुकीपासून शाई लावून घेणारे बोट. यांतले एकही चित्र समजावून सांगायला पंडित लागत नाही, आणि वीस-पंचवीस मिलिमीटरच्या चकतीवर ते सहज मावते. शिवाय पाहणाऱ्याला ते विचारते, ‘आज हे सर्वांना करता येते ना?’ देवी असा प्रश्न विचारत नाही.

नाण्याचे चित्र ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे आणि तो असू द्यावा. पण २०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह खुल्या स्पर्धेतून आले, हे विसरू नये. २०४७ ला स्वातंत्र्याची शंभरी भरेल. त्या वर्षीच्या रुपयावर काय असावे, हे विचारायला शाळाशाळांतून आत्ताच सुरुवात करायला काय हरकत आहे? आज ज्यांना नाणे चॉकलेटसाठी हवे आहे, ती मुले तेव्हा हा देश चालवत असतील.

माझे मत ओंजळभर पाण्याला.