बखर उरली, अस्सल कागद गेला

१९७९ साली अमेरिकेत 'व्हिसीकॅल्क' ही स्प्रेडशीट फ्लॉपीवर विक्रीस आली. कल्पना डॅन ब्रिकलिन यांची, लेखन बॉब फ्रँकस्टन यांचे. ती चालणार होती ॲपल टू या घरगुती संगणकावर. लिहिली गेली मात्र परक्या यंत्रावर. एमआयटीच्या 'मल्टिक्स' या सामायिक संगणकाशी टेलिफोनच्या तारेने जोडून घेऊन फ्रँकस्टन रात्री काम करीत, कारण रात्री दर कमी असे. संगणक दुसऱ्याचा आणि वेळ भाड्याचा! 'क्लाउड'ला आजची नवलाई समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

फ्लॉपीने हे नाते उलटे केले. प्रत घेणाऱ्याच्या घरी राहिली. १९८५ मध्ये लोटसने व्हिसीकॅल्कची निर्माती कंपनी विकत घेतली आणि विक्री थांबली. तरी प्रती उरल्या. आयबीएम पीसीसाठीची १९८१ ची प्रत ब्रिकलिन यांनी लोटसच्या परवानगीने आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. आकार अवघा २७,५२० बाइट. डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये ती आजही चालवून पाहता येते.

याउलट 'गूगल रीडर' पाहावा. २००५ मध्ये आला, १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. वाचकांना आपल्या सदस्यत्वांची यादी उतरवून घेता आली. रीडर नव्हे, कारण तो त्यांच्या संगणकावर कधी नव्हताच. उरली ती पडद्याची चित्रे आणि आठवणी. म्हणजे बखर उरली, अस्सल कागद गेला.

राजवाड्यांचे साधनखंड उभे राहिले, कारण दप्तरे गावोगावच्या वाड्यांत पडून होती. वाळवीने पुष्कळ खाल्ले. पण एका हुकमासरशी सारे नाहीसे होणे शक्य नव्हते.

छापील मराठी पानांतून मजकूर काढणारे 'टेसरॅक्ट' आणि नकाशांसाठीचे 'क्यूजीआयएस' ही मुक्त साधने आज कोणालाही स्वतःच्या संगणकावर बसवता येतात. बसवण्यात एखादी संध्याकाळ जाते, आणि वेबसेवा पुष्कळदा अधिक बिनचूक वाचते, हेही खरे. घाईच्या कामाला ती खुशाल वापरावी. परंतु ज्या वाचनावर पुढचा अभ्यासक विसंबणार आहे, त्याचे साधन आवृत्तीक्रमांकासह आपल्यापाशी असले पाहिजे; सेवा रातोरात बदलली, तर कालचे वाचन कसे निघाले हे पुन्हा तपासण्याचा मार्गच उरत नाही.