तिच्या सुरक्षेचा जाब कोणाला विचारायचा?

नालासोपारा पूर्वेला राहणाऱ्या आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या मुलीला जर्मनीत शिकण्यासाठी प्रवेश मिळाला. शासनाची परदेश शिष्यवृत्तीही मंजूर झाली. बातमी कळताच घरी नातेवाइकांची रीघ लागली. पेढे खाऊन झाले आणि मग प्रश्न सुरू झाले. परक्या मुलखात मुलगी एकटी कशी राहणार? तिकडची शहरे बायकांसाठी सुरक्षित आहेत का? एका मावशीने तर आधी दोनाचे चार हात करा, मग पाठवा, असा सल्लाही देऊन टाकला.

हीच मुलगी तीन वर्षे अंधेरीला नोकरी करीत होती. रात्री साडेदहाच्या सुमारास विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरायची. शेअर रिक्षात आणखी कोणी बाई आहे का ते बघायची, नसेल तर पुढची रिक्षा येईपर्यंत थांबायची. रिक्षातून उतरल्यावर घरापर्यंतच्या गल्लीत भावाला फोन लावून ठेवायची. त्या तीन वर्षांत एकाही नातेवाइकाने घरी येऊन विचारले नाही की, आपले शहर तिच्यासाठी सुरक्षित आहे का? परदेशाची काळजी आणि नालासोपाऱ्याची सवय, असा हा प्रकार आहे!

वसई-विरार हे कष्टकरी बायकांचे शहर आहे. पहाटेच्या गाड्यांनी घरकाम करणाऱ्या, परिचारिका, सफाई कामगार, मासळी आणि भाजी विकणाऱ्या बाया मुंबईकडे निघतात. त्यांत आपल्या वस्त्यांमधल्या किती असतात, हे वाचकांना सांगायला नको. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली आणि पुढे ती विरारपर्यंत आली. तेव्हा शासनाने बाईला सोबतीला पुरुष घेऊन ये, असे सांगितले नाही. तिच्यासाठी गाडी दिली. सुरक्षितता हा असा व्यवस्थेचा विषय आहे. गाडी, दिवा, पदपथ, पोलीस चौकीतला तक्रार अर्ज आणि तो वाचणारा अधिकारी यांचा तो विषय आहे. आपल्याकडे मात्र तो बाप, भाऊ आणि नवरा यांच्या पहाऱ्याचा विषय केला जातो.

हा पहारा कोणी शिकवला? बाईला आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर पुरुषाच्या ताब्याबाहेर ठेवू नये, हा मनुस्मृतीचा दंडक. तिचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने तयार केलेल्या संविधानाच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला. ‘भाऊ सोबत असल्यास’ अशी अट त्या कलमात नाही.

आता आपल्याच शहरातला प्रसंग आठवा. नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. जोडीदार मारहाण करतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने स्पष्ट लिहिले होते. पुढे तिने तक्रार मागे घेतली, असे पोलिसांनी सांगितले. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. तिच्या देहाचे तुकडे झाल्याचे नोव्हेंबरमध्ये उघडकीस आले आणि त्याच जोडीदाराला अटक झाली. ती तरुणी रस्त्यावर एकटी नव्हती, कोणाच्या तरी सोबतीत राहत होती. सोबतीनेच सुरक्षा मिळते असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

मग शासनाने काय केले? मार खाणाऱ्या बाईची तक्रार कोणत्या दबावाखाली मागे घेतली जाते आणि नंतर तिची विचारपूस करण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवायला हवे होते. त्याऐवजी १३ डिसेंबर २०२२ रोजी शासन निर्णय निघाला तो आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवणाऱ्या समितीचा! ओरड झाल्यावर दोनच दिवसांत त्यातून आंतरजातीय विवाह वगळले, आंतरधर्मीय तसेच राहिले. ज्या बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला, त्यांच्या महाराष्ट्रात हे घडले. निमित्त एका मुलीच्या मृत्यूचे, आणि पहारा सगळ्या मुलींच्या निवडीवर. त्याच महिन्यात इंडियन एक्स्प्रेसने बातमी दिली की, निर्भया निधीतून मुंबई पोलिसांसाठी घेतलेल्या काही बोलेरो गाड्या सत्ताधारी शिंदे गटाच्या आमदार-खासदारांच्या बंदोबस्ताला लावल्या आहेत. यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

१८ जून २०२४ ला वसई पूर्वेला सकाळच्या वेळी, भर रस्त्यात, कामावर निघालेल्या एका तरुणीला तिच्या पूर्वीच्या मित्राने लोखंडी पान्याने मारून ठार केले. अंधार नव्हता आणि निर्जन जागाही नव्हती. माणसे उभी होती, मोबाइलवर चित्रीकरण चालू होते. आधी पोलिसांत गेलो होतो, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. म्हणजे पुन्हा तेच, कागद पोहोचला पण मुलगी वाचली नाही.

आणि जर्मनी? तिथे स्वर्ग आहे, असे कोणी समजू नये. ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री कोलोन शहरात मुख्य रेल्वे स्थानकाच्या परिसरात, गर्दीत, शेकडो बायकांवर लैंगिक हल्ले झाले. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी रात्र शांततेत गेल्याचे सांगितले होते! तिथल्या उजव्या पक्षांनीही सगळ्या निर्वासितांवर बोट ठेवून आपली पोळी भाजून घेतली. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा फारच थोड्यांना झाली. पण दहा दिवसांच्या आत शहराच्या पोलीस प्रमुखाला घरी बसवले गेले, आणि जुलै २०१६ मध्ये तिथल्या संसदेने ‘नाही म्हणजे नाही’ हे तत्त्व कायद्यात आणले. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने तर नव्वदच्या दशकापासून रस्त्यांवरचे दिवे, पदपथ आणि बागा बायका-मुलींना काय हवे ते पाहून सुधारायला घेतल्या. तिथेही बायकांना भीती वाटतेच. मात्र त्या भीतीचा जाब महापालिकेला आणि पोलिसांना विचारता येतो.

इथे कोणाला विचारायचा? वसई-विरार महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. गल्लीतला दिवा बंद पडला तर नगरसेवकच नव्हता. पण आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. आपल्या बैठका रात्री दहा-अकरापर्यंत चालतात, आठ वाजले की महिला कार्यकर्त्या उठून जातात आणि ‘महिलांचा सहभाग कमी पडतो’ असा ठराव उरलेले पुरुष करतात. बैठक सहाला घ्यावी, हे किती शाखांना सुचले? प्रभाग कार्यालयात निवेदने आपण पुष्कळ दिली. स्थानकापासून वस्तीपर्यंत कोणते दिवे बंद आहेत, त्याची खांबवार यादी घेऊन किती वेळा गेलो?

कार्यकर्त्याची मुलगी गेल्या महिन्यात जर्मनीला रवाना झाली. मावशीसुद्धा विमानतळावर आल्या होत्या. धाकटी बहीण आता अंधेरीलाच कामाला लागली आहे आणि त्याच गाडीने, त्याच वेळेला नालासोपाऱ्याला उतरते. गल्लीतला तिसऱ्या खांबावरचा दिवा अजून बंद आहे.