आधी अवजार, मग ट्रॅक्टर

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं, पण आपल्या शेतात ट्रॅक्टर पोचवण्यात या उपनगराचा मोठा वाटा आहे. 1963 साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि मूळ इंग्लंडमधला बी-275 ट्रॅक्टर कांदिवलीत बनू लागला. एचपी जेमतेम 35, साधं इंजिन, गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल असं. 1977 मध्ये ती कंपनी महिंद्रातच विलीन झाली.

आता उपनगरातल्या घरांत ट्रॅक्टरचा विषय निघतो तो गावाकडून फोन आला की. "दादा, ट्रॅक्टर घ्यायचाय. डाउन पेमेंटचं बघशील का?" कोरेगाव तालुक्यातून आमच्या चुलत भावाचा आला, तसा बोरिवली-मुलुंडच्या कितीतरी घरांत येत असेल. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, पैसे देणारा इथे आणि स्टेअरिंगवर बसणारा तिथे. मग इथला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती एचपीचा?" आणि वर सल्लाही देतो, "घ्यायचाच तर मोठा घे, पुन्हा पुन्हा घेणं होत नाही." या सल्ल्याने मला खरंच काळजी वाटते, कारण हप्ता भरायची वेळ येते तेव्हा तो सल्ला देणारा गावात नसतो.

विचारायचं ते हे: मागे काय जोडणार? आमच्याकडे ऊस, आलं, सोयाबीन. म्हणजे पलटी नांगर, रोटाव्हेटर, सरी पाडायचं अवजार आणि ट्रॉली. रोटाव्हेटर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर फिरतो, आणि बॉनेटवर लिहिलेली सगळी ताकद पीटीओपर्यंत पोचत नाही. इंजिन 45 एचपीचं असलं तर शाफ्टवर साधारण 38-40 मिळतात. त्यावर पाच फुटी रोटाव्हेटर निवांत चालतो. सहा फुटी लावला तर भारी काळ्या रानात इंजिन दमतं, डिझेल वाढतं. हे आकडे शोरूममध्ये तोंडी ऐकण्यापेक्षा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात वाचावेत. पीटीओची ताकद, तासाला लागणारं डिझेल, हायड्रॉलिक किती किलो उचलतं, सगळं मोजून दिलेलं असतं. इंटरनेटवर अहवाल शोधून देणं हे काम मुंबईकराने आनंदाने अंगावर घ्यावं.

पन्नासच्या वर जायचं असेल तर आणखी एक गोष्ट कानावर असू द्या. जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे ती इंजिनं महाग झाली आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं. बिघाड झाला की गावच्या मिस्त्रीऐवजी कंपनीच्या माणसाची वाट पाहायची. पाच-सात एकराच्या घराला 40-45 एचपीचा, टू-व्हील ड्राइव्हचा साधा ट्रॅक्टर पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइल ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंगला मात्र पैसे वाचवू नयेत. दिवसभर बांधाबांधाला वळणाऱ्याच्या खांद्यांचा हा प्रश्न आहे, आणि भरलेली ट्रॉली उतारावर थांबवायची असते. (कोकणातल्या भातखाचरांना आणि नाशिकच्या द्राक्षबागांना हा हिशोब लावू नये. तिथे पॉवर टिलर किंवा दोन ओळींमधून जाणारा अरुंद मिनी ट्रॅक्टरच खरा.)

भावाला मी फोनवर तासांचा हिशोब मांडायला लावला. नांगरटीला एकरी दोन-अडीच तास, रोटाव्हेटरला तास-सव्वा तास, तोही दोनदा. पेरणी, सरी, वाहतूक धरली तरी पाच एकरांचं घरचं काम वर्षाला पन्नास-साठ तासांच्या पुढे फारसं जात नाही. महाराष्ट्रातलं सरासरी वहिवाटीचं क्षेत्र 2015-16 च्या कृषी गणनेत 1.34 हेक्टर होतं, म्हणजे सव्वातीन एकर. तेवढ्या रानावर सहा-सात लाखांचं यंत्र फिटत नाही. बाहेरची कामं घ्यावीच लागतात. आणि ती नेमकी आपल्या रानाला वाफसा आला, म्हणजे ओल मशागतीजोगी झाली, की येतात, कारण वाफसा सगळ्यांनाच एकदम येतो. त्या आठ दिवसांत रात्री दिवे लावून ट्रॅक्टर कोण चालवणार? घरात असा माणूस नसेल तर भाड्याने नांगरून घेणंच परवडतं. दोघा-तिघा भावकीत मिळून घ्यायचा असेल तर पाळ्या, डिझेल आणि दुरुस्ती आधी कागदावर लिहून घ्यावी.

बजेट मांडताना लोक नुसता ट्रॅक्टर धरतात. रोटाव्हेटर लाखाच्या आसपास, ट्रॉली दीड-दोन लाख, वर नांगर. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, टायर आणि सुट्या भागांवरचाही उतरला. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला आणि नंबर लागला तर अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना सव्वा लाखापर्यंत, इतरांना लाखापर्यंत अनुदान मिळतं. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नये, नाहीतर अनुदान हातचं जातं.

जुना घ्यायचा असेल तर एक परीक्षा मला फार पटते. रोटाव्हेटर जोडून हायड्रॉलिकने पूर्ण वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहा घ्यायचा. अवजार हळूहळू खाली बसलं तर लिफ्टमध्ये खर्च आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावं, निळसर धूर दिसतो का बघावं. आरसी बुकवर बँकेचा बोजा उतरलाय का, हेही तपासावं.

नवा असो वा जुना, चेक देण्याआधी आपल्याच रानात, आपल्याच अवजारावर चालवून बघायचा आग्रह धरावा. नांगर जमिनीत गेल्यावर पुढची चाकं उचलतात का, मागची घसरतात का, क्लच दाबून पाय दुखतो का, हे भावालाच कळणार. आमचा भाऊ येत्या वाफशाला दोन ट्रॅक्टर रानात मागवणार आहे. तो निवडेल त्याचं डाउन पेमेंट मी भरेन.