वहाणेच्या पलीकडे

‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ हा इंग्रजी शब्द नित्याच्या वापरातून केव्हाच गेला. आपल्या ज्ञानाच्या कक्षेबाहेरील विषयावर अधिकारवाणीने मत देणारा, असा त्याचा अर्थ. लॅटिनमध्ये ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे आणि ‘क्रेपिडा’ म्हणजे वहाण. हा दुसरा शब्द मूळचा ग्रीक.

त्यामागची कथा थोरल्या प्लिनीच्या ‘नॅचरालिस हिस्टोरिया’च्या 35व्या भागात येते. चित्रकार अपेलीज आपली चित्रे लोकांपुढे मांडी आणि आडोशाला राहून अभिप्राय ऐके. एका चर्मकाराने चित्रातील वहाणेला एक बंद कमी असल्याचे दाखवले. अपेलीजने तो सुधारला. दुसऱ्या दिवशी तोच मनुष्य चित्रातील पायाला नावे ठेवू लागला, तेव्हा वहाणा शिवणाऱ्याने वहाणेच्या वर जाऊ नये, असे अपेलीजने त्याला बजावले. प्लिनीच्या वाक्यात ‘सुप्रा’, म्हणजे ‘वर’, असा शब्द आहे. ‘अल्ट्रा’ हे रूप पुढे म्हणीत रूढ झाले.

इंग्रजीत 1819 साली विल्यम हॅझलिटने हे विशेषण ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’चा संपादक विल्यम गिफर्ड याला बहाल केले. 1823मध्ये ली हंटने गिफर्डवरील आपल्या उपहासकाव्याला याच शब्दावरून नाव दिले. गिफर्डच्या नियतकालिकाने या मंडळींवर आणि कीट्सवर झोड उठवली होती. त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. परंतु पोरका गिफर्ड तरुणपणी एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. कागदाला पैसे नसल्याने चामड्याच्या तुकड्यांवर बोथट आरीने तो बीजगणित सोडवी. म्हणजे या शब्दात टीकाकाराच्या अज्ञानाइतकाच त्याच्या जुन्या व्यवसायाचाही उद्धार होता. आपल्याकडील ‘चांभाराची नजर जोड्यावर’ ही म्हण याच जातकुळीची.

मूळ कथेतील एक गोष्ट सहसा कुणी विचारात घेत नाही. पायाविषयीचा आक्षेप बरोबर होता की चूक, हे प्लिनी सांगतच नाही. आक्षेप तपासलाच गेला नाही. आक्षेप घेणारा कोण, एवढेच पाहिले गेले. वहाणेची चूक मान्य करणारा अपेलीज पहिल्या दिवशी अधिक मोठा वाटतो.

अधिकाराशिवाय ठणकावून बोलणाऱ्यांची आज वाण नाही, म्हणून हा शब्द जपावा. मात्र तो लावावा पोकळ आत्मविश्वासाला, पोटापाण्याच्या कामाला नव्हे. मत खोडायचे तर मतच खोडावे. बोलणाऱ्याच्या हातातील आरीकडे बोट दाखवणे ही समीक्षा नव्हे.