वरून की खालून?

पतंग हा कापण्यासाठीच असतो, असं माझं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाम मत होतं. येवल्यात जन्मलेल्या माणसाला दुसरं मत असण्याची सोयच नाही. आमच्या गावात पैठणी आणि पतंग ह्या दोनच गोष्टी गंभीरपणे घेतल्या जातात, आणि त्यातली पैठणी घेणं मला परवडत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर मुक्कामाला असतं. हातात आसारी असते. आसारी म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राची चक्री. पण येवल्यात कुणी चक्री म्हणालं, की लोक त्याला पाहुणा समजून चहा देतात. आणि समोरच्याचा पतंग कापला की 'वकाऽऽट!' अशी जी आरोळी उठते, ती ऐकण्यासाठी मी नोकरी लागल्यापासून दर संक्रांतीला नाशिकहून रजा टाकून जातो. मॅनेजर बदलले, पण रजेच्या अर्जातलं 'घरगुती कारण' बदललं नाही.

अशा माणसाला मेहुण्याने २०२४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पतंगांच्या लढती दाखवायला नेलं. मेहुणा सिअ‍ॅटलला असतो. सौ.चा धाकटा भाऊ, त्यामुळे त्याच्या घरात मला मान आहे, पण रिमोट नाही. "भाऊजी, तुमच्यासाठी खास ठेवलंय," असं म्हणत त्याने आम्हाला गाडीत घातलं आणि तीन तासांनी लाँग बीच नावाच्या गावी उतरवलं. वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिच्या जरा वरच्या अंगाला हे गाव आहे. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरची सलग वाळू, आणि त्या वाळूवरून मोटारी चालवायला परवानगी. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. गावात पतंगांचं संग्रहालयसुद्धा आहे. १९९० साली उघडलेल्या ह्या संग्रहालयाचा पाया म्हणजे डेव्हिड चेकली नावाच्या गृहस्थाने जमवलेले जपानी, चिनी आणि मलेशियन असे सातशेएक पतंग. आपल्याकडे माणूस सातशे पतंग उडवून संपवतो, त्याने ते जपून ठेवले. पहिला मतभेद मी तिथेच मनात नोंदवून ठेवला.

किनाऱ्यावर आकाश भरलं होतं. देवमासे काय, अष्टपाद काय, घराएवढे फुगीर प्राणी वर तरंगत होते. मला त्यात रस नव्हता. उडणारा हत्ती पाहायला मी इतक्या लांब आलो नव्हतो. मी म्हणालो, "लढाया कुठायत?" मेहुण्याने एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वाळूत दोन वर्तुळं आखलेली होती. एकेका वर्तुळात एकेक माणूस, हातात आपल्यासारखाच बिनशेपटीचा चौकोनी पतंग, आणि शेजारी एक पंच. पतंग फार उंच नव्हते. गच्चीवरून शेजारणीशी बोलावं इतक्याच अंतरावर. दोन्ही पतंग एकमेकांजवळ आले. पंच ओरडला, "टॉप!" पतंग विजेसारखे हलले, दोऱ्या एकमेकींना क्षणभर लागल्या, आणि सगळं थांबलं. एकाला गुण मिळाला. दोन्ही पतंग शाबूत!

"कापला कुठे?" मी विचारलं.

"कापायचं नसतं, भाऊजी. दोरीला दोरी लागली की संपलं. पंच 'टॉप' म्हणाला तर ज्याची दोरी वरून लागली त्याचा गुण. 'बॉटम' म्हणाला तर खालून लागली त्याचा. दोरी साधी, मांजा नाही."

माझा चेहरा कसा झाला असेल, त्याची कल्पना सौ.ला आली असावी. कारण तिने लगेच डब्यातला लाडू पुढे केला. अहो, कापायचं नाही? मग ही लढत कसली? बसमध्ये अनोळखी माणसाला चुकून कोपर लागावं आणि 'सॉरी' म्हणावं, तसा प्रकार! हे शाकाहारी मटण झालं. मी तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. हा पतंग आमचा. अमेरिकेत ह्या जातीच्या पतंगाला नावच मुळी 'इंडियन फायटर' आहे. आणि ह्यांनी आमचा वाघ नेऊन त्याचे दात काढून त्याला दूधभात घातला. मेहुणा म्हणाला, "जरा हळू, इथे एक-दोघांना मराठी येत असेल." सिअ‍ॅटलच्या बाजूला तशी शक्यता नाकारता येत नाही.

सामन्यांच्या मधल्या वेळात सरावाला कुणीही उभं राहत होतं. मेहुण्याने माझी ओळख 'भारतातले अनुभवी' अशी करून दिली आणि पंचाहत्तरीच्या एका आजोबांनी हसत हसत मला आपला एक पतंग दिला. पाचापर्यंत खेळायचं ठरलं. मी मनात म्हटलं, म्हातारबुवा, येवला काय चीज आहे ते आता कळेल.

आता जरा शास्त्र सांगतो, म्हणजे माझी फजिती नीट समजेल. लढाऊ पतंगाला शेपूट नसतं. दोरी ताणली की कमान मागे वाकते आणि पतंग नाकाच्या दिशेने सुसाट सुटतो. दोरी सैल सोडली की तो सपाट होतो, बावचळतो आणि गरगर फिरायला लागतो. फिरता फिरता नाक आपल्याला हवं तिकडे वळलं की नेमक्या त्या क्षणी ताणायचं. बास, एवढंच. पण तो क्षण बोटांना कळायला वर्षं जातात. लहानपणी मला तो कळत असे. माझे वडील तर डोळे मिटून पतंग खिडकीच्या गजाला टेकवून परत आणत.

मी पाच-शून्य हरलो.

"टॉप!" म्हटलं की आजोबांचा पतंग एक गिरकी घेऊन माझ्या दोरीवर अलगद येऊन बसे आणि मी अजून कुठल्या हाताने ओढावं ह्या विचारात असे. "बॉटम!" म्हटलं की तो खालून येई. एकदा तर मी दोरीला दोरी लागल्यावर सवयीने बदाबदा ओढत सुटलो. पंच, आजोबा आणि एक कुत्रा माझ्याकडे कुतूहलाने बघत राहिले. माझी बोटं ती गिरकी विसरून गेली होती. का विसरली, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं आणि म्हणूनच फार राग आला.

नंतर आजोबांनी एका नळकांड्यातून एक पतंग काढला. ताव कागदाचा, बांबूच्या कमानीचा, दोन ठिकाणी चिकटवलेला. आपल्याकडचा. म्हणाले, "ह्याच्यावर शिकलो. तुमच्याकडे तर लहान मुलंसुद्धा हे सगळं रोज करत असतील." मग त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली. वाऱ्याने मफलर सरकला होता. "ऑपरेशन?" त्यांनी सहानुभूतीने विचारलं.

मी म्हणालो, "थायरॉइड."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. सौ.ने समुद्राकडे पाहिलं.

ते थायरॉइड नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, नाशिकच्या एका पुलावर स्कूटरवरून जाताना नायलॉनचा मांजा माझ्या गळ्यात आला. नऊ टाके. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं खोल गेलं असतं तर आपली भेट झाली नसती. शाखेतली मंडळी फळं घेऊन आली, सगळ्यांनी नायलॉनवाल्यांना शिव्या दिल्या, आणि मीही खुणेने त्यात भाग घेतला. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. त्या वेळी माझ्या स्कूटरच्या डिकीत नायलॉनचं एक रीळ होतं. माझंच. येवल्याला न्यायला घेतलेलं. त्याच्या आदल्या वर्षीही मी नायलॉनच वापरला होता, कारण समोरच्या गच्चीवरची बारा वर्षांची पोरं माझे सुती मांजाचे पतंग पटापटा कापत होती आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला पोरांकडून हरणं सोसत नाही. रीळ सौ.ला सापडलं. ती काही बोलली नाही; पण तेव्हापासून थंडी असो नसो, घराबाहेर पडताना ती माझ्या गळ्यात मफलर गुंडाळते. बोलली असती तर परवडलं असतं.

म्हणून हा लेख. लाँग बीचहून परत आल्यावर मी शाखेत जेवणाच्या सुट्टीत ही हकीकत (थायरॉइड वगळून) सांगितली, तेव्हा आमचे हेडकॅशियर म्हणाले, "हे गोऱ्यांचे नखरे हो! कापाकापी ही आपली परंपरा आहे." त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण माझी सही व्हायची होती. आता देतो.

हेडकॅशियरसाहेब, नायलॉन कुणाची परंपरा? माझे आजोबा गच्चीवरून मासे धरत नव्हते. हा धागा गळ टाकणाऱ्यांचा आहे. आमच्या घरी मांजा व्हायचा तो सुताला सरस, रंग आणि वस्त्रगाळ केलेली काचेची पूड लावून, दोन खांबांना गुंडाळून, उन्हात वाळवून. आईचं फडकं त्यात जायचं आणि वडिलांचं बोट. तो मांजा कापायचा, पण जोराने ओढलं की तुटायचाही. ते तुटणं हा त्याचा चांगुलपणा होता. सुती मांजाने कुणाला काही झालंच नाही असं मी म्हणणार नाही. कबुतरांना विचारलं तर ती वेगळं सांगतील. पण नायलॉन तुटतच नाही. तो माणसाची मान तुटायची वाट बघतो, आणि पतंग गेल्यावरही वडाच्या झाडावर वर्षभर बसून पाखरं मोजतो.

दुसरं, तुम्ही त्याला 'चिनी मांजा' म्हणून मोकळे होता. नाव ठेवलं की जबाबदारी सरहद्दीपलीकडे गेली! तो आपल्याच देशात बनतो, आपल्याच दुकानात काउंटरखालून मिळतो, आणि विकत घेणारा कोण, ते मी वर सांगितलंच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्याच्यावर देशभर बंदी घातली. बंदीची आपल्याला भीती कुठे? १९३४च्या विमान कायद्यात पतंगाची गणना विमानांत केलेली होती आणि तरीही आपण कुणी परवान्याशिवाय गच्चीवर चढताना घाबरलो नाही. बंदी आल्यावर फरक एवढाच पडला, की दुकानदार आधी इकडेतिकडे बघतो आणि मग भाव सांगतो.

आणि तिसरं, 'दुचाकीवाल्यांनीच जपावं' हे तुमचं आवडतं वाक्य. संक्रांत आली की लोक स्कूटरच्या हँडलला लोखंडी कमानी लावतात, गळ्याला पट्टे बांधतात. म्हणजे खेळ तुमचा आणि हेल्मेट आमचं! जपानात नागासाकीला अगदी आपल्यासारखेच पतंग उडवतात, काच लावलेल्या दोरीने. 'बिदोरो योमा' म्हणतात तिला. कापाकापीही करतात. पण त्यासाठी टेकडीवरच्या मोकळ्या मैदानात जातात. काच लावलीत तर तेवढी वाट तरी चढा. ते नको असेल तर ह्या लाँग बीचवाल्यांसारखी दोरी साधी ठेवा. दोन्ही नको, असं मात्र चालायचं नाही.

पण खरं सांगू? गळा, पाखरं, कायदा हे सगळं बाजूला ठेवलं तरी माझं नायलॉनशी भांडण उरतंच. त्याने माझा खेळ खाल्ला. नायलॉन हातात असला की गिरकी लागत नाही, ढील लागत नाही, वारा बघावा लागत नाही. समोरच्याच्या दोरीवर टाका आणि ओढा, गाढवही जिंकेल. माझ्यासारखं गाढव दोन वर्षं जिंकणारच होतं, पुलावर थांबावं लागलं म्हणून एकच वर्ष जिंकलं. ज्या कसबासाठी आपल्या पतंगाला जगात नाव आहे, ते कसब बिनकाचेच्या साध्या दोऱ्याने पॅसिफिकच्या काठावर एक पंचाहत्तरीचे आजोबा सांभाळून आहेत आणि आपण 'वकाट' एवढंच सांभाळून आहोत.

हेडकॅशियर ह्यावर म्हणतील, "मग तुम्ही काय केलंत?" केलं ना. २०२५च्या संक्रांतीला येवल्याला गेलो ते साधा दोरा घेऊन. पाच महिने रविवारी मैदानात जाऊन गिरकीचा सराव केला होता. कॉलनीतल्या लोकांनी मला नोकरीवरून काढलं असावं असा समज करून घेतला. गच्चीवर गेलो. सौ.ने मफलर घट्ट केला. समोरच्या गच्चीवर तेच पोरगं होतं, आता चौदा वर्षांचं, आणि त्याच्या आसारीवर काय होतं ते उन्हात चमकत होतं. मी पतंग चढवला, ढील दिली, पतंग गरगरला, नाक वळलं आणि नेमक्या क्षणी मी ताणलं. इतकी सुरेख गिरकी मला तीस वर्षांत साधली नव्हती. माझी दोरी त्याच्या दोरीवर फुलासारखी जाऊन टेकली.

पुढच्या सेकंदाला माझ्या हातात नुसताच दोरा राहिला आणि समोर 'वकाऽऽट' झालं.

मी कठड्याशी जाऊन ओरडलो, "पहिला स्पर्श माझा होता! वरून!"

त्याने कपाळावर हात धरून आकाशात इकडून तिकडे पाहिलं.

"काका," तो म्हणाला, "पतंग कुठंय?"