विंडोज सोडण्याआधी फाँट सोडा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे थांबवले. वर्षभराची वाढीव मुदत मागून घेता येते, पण ती मुदतच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७च्या उत्तरार्धानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साताऱ्याच्या राजवाड्याजवळच्या छापखान्यात किंवा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात धडधाकट चालणारे यंत्रही एका रात्रीत म्हातारे ठरले. यावर दोन सल्ले तयारच असतात. दुकानदार म्हणतो, नवा संगणक घ्या. लिनक्सचा कैवारी म्हणतो, लिनक्स टाका, फुकट आहे. दोघेही उलट टोकांवरून बोलतात, पण चूक एकच करतात: आपण विंडोजला बांधलेले आहोत असे दोघेही धरून चालतात. आपल्याकडच्या मराठी कामापुरते तरी ते खरे नाही. आपण बांधलेले आहोत ते फाइलींना.

छापखान्यातली एखादी लग्नपत्रिकेची फाइल घ्या. ती पेजमेकर ७मध्ये बसवलेली असते. ही २००१ची आवृत्ती. तिच्यापुढची कधी आलीच नाही. अक्षर श्रीलिपी किंवा आकृती यांसारख्या जुन्या फाँटाचे. हीच फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरे, टक्क्याचे चिन्ह, एखादा उघडा कंस अशी जत्रा भरते. कारण साधे आहे. या जुन्या फाँटांत संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे काने, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे चिकटवलेली असतात. कागदावर उमटते ते मराठी, फाइलीत साठते ते भलतेच. म्हणून पतसंस्थेच्या जुन्या अहवालात ‘कृष्णा’ शोधायला गेलात तर पानोपानी कृष्णा असूनही एकही सापडत नाही. आता दुकानदाराचा सल्ला यावर घासून पाहा. नव्या यंत्रावर विंडोज ११ येईल. पण या जुन्या फाँटांचे कुलूप उघडणाऱ्या डोंगलचा ड्रायव्हर त्यावर चालेलच याची खात्री कोण देणार? चालला तरी फाइल आहे तशीच मुकी. पैसे गेले आणि बेडी कायम.

लिनक्सविरुद्धचा ठरलेला आक्षेप असा की त्यावर मराठी नीट येत नाही. हा आक्षेप एके काळी खरा होता, आज नाही. कस लावायचा तर ‘कऱ्हाड’ हा शब्द टाइप करून पाहावा, कारण त्यातला ऱ्ह हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या सोयींना हमखास अडखळवतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर के, मग शिफ्ट दाबून जे, मग डी, यू, ई आणि शेवटी डावा चौकटी कंस. सहा कळा, आणि कऱ्हाड जसे लिहितो तसे उमटते. विंडोजवरही याच कळा, लिनक्सवरही याच. इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक आणि युनिकोड हे जागतिक मानक. दोन्ही कुठल्या कंपनीच्या यंत्रणेशी जखडलेली नाहीत. एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की लिबरऑफिसमध्ये उघडा, मोबाइलवर उघडा, नाहीतर विंडोजवर. ज्याला लिनक्सचा दोष म्हणून नावे ठेवली जातात, तो बहुतेक वेळा जुन्या फाँटाचा दोष असतो.

जाणकार आक्षेपक म्युनिकचे उदाहरण पुढे करतो. जर्मनीतल्या त्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव केला. या माघारीत राजकारण होते. पण बाहेरच्या कचेऱ्यांकडून येणारी कागदपत्रे नीट उघडत नाहीत, ही कर्मचाऱ्यांची तक्रारही खरी होती. म्हणजे म्युनिक माझ्या विरोधात नव्हे, माझ्याच बाजूने साक्ष देते. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने क्रम वेगळा धरला. २००५ मध्ये फक्त ऑफिसचा प्रोग्राम बदलला, पुढच्या वर्षी ब्राउझर आणि मेल, आणि माणसांचा हात त्यावर बसल्यावर २००८ पासून खालची विंडोज काढून लिनक्स घालायला सुरुवात केली. तळमजला सर्वांत शेवटी बदलला, आणि ते दल आजही लिनक्सवर आहे. आपल्या देशात केरळच्या सरकारी शाळाही लिनक्सवर गेल्या. तिथे शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही मुक्त प्रणालीवर नेली.

याउलट आपल्या महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकाशी ओळख करून दिली, ते मोठेच काम झाले. पण ‘संगणक येतो’ याचा अर्थ आपल्या बोलण्यात ‘विंडोज येते’ असा रुतून बसला तो त्याच काळात. म्हणून ‘बिघडले तर नीट कोण करणार?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पेनड्राइव्ह घेऊन येणारा, तासाभरात विंडोज मारून देणारा पोरगा गल्लोगल्ली आहे. लिनक्सवाला शोधावा लागतो. मात्र तो पोरगा मारतो ती विंडोज बरेचदा क्रॅक केलेली असते, आणि ‘मग फुकटच आहे की’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की कुलूप तोडणारा प्रोग्राम आत आणखी काय ठेवून गेला ते तपासायची सोय कोणाकडेच नसते. पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या याद्या असल्या यंत्रावर ठेवणे ही काटकसर नव्हे.

तरी सगळ्यांनी उद्या लिनक्सवर उडी घ्यावी असे मी म्हणत नाही. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या अडतीचा सगळा हिशेब टॅलीवर असेल, तर टॅली विंडोजवरच चालवण्यासाठी केलेली आहे; तिथे एक परवानाधारक विंडोज ११चे यंत्र घ्यावे आणि वाद मिटवावा. शाळेच्या संगणकखोलीला, वाचनालयाला, घरच्या ब्राउझर आणि व्हिडिओपुरत्या यंत्राला मात्र नवे काही विकत घ्यायचे कारण नाही. तिथे जुन्या फाइलींचे ओझेच नसते, म्हणून तिथे लिनक्स आजच घालता येते. मध्ये अडकलेला उरतो तो छापखाना. त्याचे जुने यंत्र डोंगलसकट तसेच ठेवावे, इंटरनेटची तार काढून टाकावी, आणि आजपासून येणारे प्रत्येक नवे काम, मग ते अहवालाचे असो की वर्धापनदिनाच्या स्मरणिकेचे, युनिकोडमध्येच बसवावे. इंकस्केप आणि स्क्रायबस हे चित्रांचे आणि पानमांडणीचे मुक्त प्रोग्राम आता देवनागरी सांभाळतात. कोरलड्रॉचा हात बसलेल्याला ते सुरुवातीला खडबडीत वाटतील, यात शंका नाही.

मागच्या पंचवीस वर्षांच्या फाइलींचे काय, हा प्रश्न त्यानंतर येतो. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते रफार चुकवतात, ऱ्ह मोडतात, ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे टाकतात. संस्थांचे अहवाल, गावच्या देवस्थानांच्या पुस्तिका, शाळांच्या शताब्दीच्या स्मरणिका सातारा-सांगलीच्या भागात बहुधा अशाच फाइलींत पडून आहेत, आणि त्या बाहेर काढायला चांगल्या संगणकापेक्षा चांगला मुद्रितशोधक अधिक लागेल. आषाढात लग्नपत्रिकांची घाई नसते आणि गणपतीच्या पावतीपुस्तकांचे काम अजून यायचे असते. तेवढ्या उसंतीत रोज एक फाइल झाली तरी महिनाअखेर तीस होतात.