गॅदरिंगचा वाघ घरीच शिवा

डिसेंबर तोंडावर आला की शाळेतून चिठ्ठी येते: तुमचा मुलगा नाचात वाघ झाला आहे, पोशाख घरून आणावा. वाघ असो, मासा असो की माकड, हवा असतो तो मानेपासून घोट्यापर्यंत अंगाबरोबर बसणारा अख्खा सूट. कोपऱ्यावरचा शिंपी एका नगासाठी लायक्राला हात लावायला तयार नसतो. भाड्याचा सूट गुडघ्यांत लोंबतो. घरात मशीन आहे, ब्लाउज-फ्रॉक शिवायची सवय आहे, तरी ‘ताणाचं कापड आपल्याला जमायचं नाही’ म्हणून आपण मागे सरतो. मागे सरू नका, एवढं सांगायला हे लिहिते आहे.

माझा पहिला सूट मी फ्रॉक शिवावा तसाच शिवला. डब्यातला सुती दोरा, मशीनला होती तीच सुई, सरळ टीप. घरी उभं राहून घातला तेव्हा छान बसला. रंगीत तालमीत मुलानं पहिली उडी मारली आणि दोन्ही मांड्यांमधली शिवण टरकन उसवली. तो रडत आत आला. रात्री दिव्याखाली सूट उलटा करून पाहिला तर कापड शाबूत होतं, दोराच जागोजाग तुटला होता. कापड ताणलं गेलं, टिपेला ताणता आलं नाही. पुढे जे जे शिकले ते सगळं या एका गोष्टीपाशी येतं.

म्हणून टीप नागमोडी हवी. झिगझॅग असेल तर रुंदी 1 मिलिमीटरच्या आसपास आणि लांबी अडीच ठेवा. नागमोडी टिपेत दोरा जादा बसतो, ताण आला की तो सरळ होत लांबतो. काळ्या पायमशीनवर सरळच टीप पडते, पण तिच्यावरही सूट होतो. टाका बारीक ठेवा, कापड पुढून-मागून किंचित ताणून धरा, आणि पहिल्या टिपेला लागून दुसरी टीप मारा. दोरा पॉलिएस्टरचाच घ्या. ओव्हरलॉक नाही म्हणून अडू नका, या कापडाच्या कडांना सहसा दशा सुटत नाहीत.

सुईकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण नवशिक्या माणसाला रडवते ती तीच. सुई वर येऊ लागली की तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि खालचा हूक तो पकडतो. असा टाका पडतो. ताणाचं कापड सुईला धरून तिच्याबरोबर वर उचललं जातं, फास नीट होत नाही, टाका सुटतो. आपण टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतो, मशीनला दोष देतो, कुणी दुरुस्तीवाल्यालाही बोलावतो. आधी सुई बदला. टोक किंचित गोलसर असलेली, ताणाच्या कापडासाठीची सुई वेगळी मिळते. पातळ कापडाला 11 नंबर, जाडसर कापडाला 14. दुकानात जाताना जुनी सुई सोबत न्या. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूनं चपटा असतो, कारखान्यातल्या मशीनचा गोल, आणि एकीची सुई दुसरीला चालत नाही. तरीही टाके सुटले तर कापडाखाली पातळ कोरा कागद घेऊन शिवा आणि नंतर तो फाडून काढा.

कापड घेताना नावावर जाऊ नका. लायक्रा हे ब्रँडचं नाव. हा ताणणारा धागा 1958 साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. कापडात तो थोडाच असतो: टी-शर्टच्या कॉटन लायक्रात साधारण 5 टक्के, नाचाच्या चकचकीत कापडात 20 टक्क्यांपर्यंत. त्यामुळे हातानं पारखा. 4 इंच कापड चिमटीत धरून ताणा. ते 6 इंचांपर्यंत गेलं पाहिजे, आणि सोडल्यावर पुन्हा 4 वर आलं पाहिजे. आडवं पाहा, उभंही पाहा. मंगळदास मार्केटच्या गर्दीत काउंटरवर उभं राहूनसुद्धा हे करायला संकोचू नका. दोन्हीकडे ताणलं जाणारंच कापड घ्या, आणि अर्धा मीटर जास्त घ्या. त्या जादा तुकड्यावर एक संध्याकाळ नुसत्या टिपा मारून पाहा आणि प्रत्येक टीप जोरानं ताणा.

आता माप. छाती, कंबर, सीट आपण घेतोच. अख्ख्या सुटाला आणखी एक माप लागतं आणि सगळं त्याच्यावर उभं असतं: एका खांद्यावरून टेप पुढून खाली, मांड्यांमधून मागे, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत. हे माप कमी पडलं तर सूट खांद्यांना आणि जांघेत काचतो, मूल वाकूनच चालतं. जास्त झालं तर जांघ लोंबते. ब्लाउजला आपण अंगापेक्षा सैल माप धरतो, इथे उलट. छाती 25 इंच असेल तर साडेबावीस धरा. तो खांद्यापासूनचा फेरा 44 असेल तर 42 च्या खाली जाऊ नका. ज्या बाजूनं कापड जास्त ताणतं ती बाजू अंगाभोवती येऊ द्या. कागदी नमुना काढायला मुलाचा घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग वर्तमानपत्रावर ठेवून आखा, ही मापं ताडून पाहा आणि पाव इंच माया सोडा.

बेतताना कापड जमिनीवर पसरा. टेबलावरून लोंबलं की स्वतःच्याच वजनानं ताणतं आणि वाकडं कापलं जातं. इस्त्री कोमटच ठेवा, जास्त उष्णतेनं ताण मरतो.

चेन पाठीला लावा, मानेपासून कमरेच्या बरीच खालपर्यंत, आणि तिथल्या कापडाला आतून फ्यूजिंगची पट्टी चिकटवा, नाहीतर चेन लाटांसारखी उठते. लहान मुलाला नाचाआधी शौचालयात जावं लागतंच. चेन आखूड ठेवली तर त्या अंधाऱ्या विंगेत त्याची फार तारांबळ उडते.

चेन लावून झाली की सूट घालून मुलाला उकिडवं बसवा, दोन्ही हात वर करायला लावा, चार उड्या मारायला सांगा. मग सूट उलटा करून मांड्यांमधल्या शिवणीवर बोट फिरवत जा. एक टाका जरी तुटलेला दिसला तरी तिथे आणखी एक नागमोडी टीप मारा, आणि पुन्हा उड्या मारायला लावा.